किल्लीची नक्कल

केमीत, कागदगिरणीच्या वासाखाली,
माझं किल्ल्यांचं दुकान आहे. आठ बाय दहा.
खुर्ची अशी मांडलीय की पाठ भिंतीला लागावी
आणि दार समोर दिसावं.
गिऱ्हाइकं विचारतात, उजेडाकडे का नाही बसत?
मी म्हणतो, डोळ्यांवर येतो.

माझं नाव वोइत्तो. आमच्याकडे त्याचा अर्थ विजय.
आजोबा युद्धातून परत आले होते, त्यांचं नाव मला लागलं.
पाचवीपासून यार्कोची टोळी
रोज मधल्या सुट्टीत विचारायची, आज विजय कुणाचा?
मानगूट धरून तोंड बर्फात.
तोंडात बर्फ असला की
"तुझा" हा शब्द नीट उमटत नाही.
मग पुन्हा.

बाई म्हणाल्या, लक्ष देऊ नकोस, कंटाळतील.
वडील म्हणाले, एकदा ठेवून दे.
आई काहीच म्हणाली नाही. तिने टोप्या विणल्या,
एका हिवाळ्यात सात.
सहा शाळेच्या छपरावर गेल्या.

आठवीत ठेवून दिली.
ठरवून नाही. गोठलेल्या खाडीवर
स्केटची नाडी सोडवत होतो, तो हातातच होता,
पात्याकडून बसला.
यार्कोची भुवई उघडली
आणि पांढऱ्यावर इतकं लाल सांडलं
की पोरं माझ्याकडे बघायचंच विसरली.

खोटं कशाला बोलू, गोड लागलं.
तीन आठवडे व्हरांडा माझ्यासाठी दुभंगायचा.
मग एके दिवशी ओन्नी,
पाचवीतला, जरा तोतरा,
मला येताना बघून थांबला
आणि स्वतःची टोपी स्वतःच काढून
माझ्यापुढे धरली.

मी काही मागितलं नव्हतं.
मी ती घेतली.

किल्ली करायला येणाऱ्यांना मी सांगतो,
नकलेवरून नक्कल काढू नका, मूळ आणा.
दर वेळी केसाएवढा फरक पडतो,
आणि एक दिवस कुलूप ओळख देत नाही.
त्या बर्फाची चव मी इतक्यांदा काढलीय
की मूळ चव कुठली होती, आता सांगता येणार नाही.
गुडघे मात्र अजून अचूक आहेत.
मागून कुणी हसलं की आधी त्यांना कळतं.

गेल्या वर्षी यार्को आला.
भुवईत एक रेघ, तिथे केस उगवत नाहीत.
आई वृद्धाश्रमात, तिच्या घराची किल्ली हवी होती.
तो म्हणाला, बाहेर पायरीवर वाळू टाक,
कुणीतरी पडेल.
बस, एवढंच.
मी किल्ली जास्त कापली. खरंच चुकून.
तो परत आला, मी दुसरी करून दिली, पैसे घेतले नाहीत,
आणि तो गेल्यावर दुपारी दोन वाजता
आतून कडी लावून बसलो.

काल हिल्ला दुकानात आली. अकरा वर्षांची.
दप्तराचा एक पट्टा तुटलेला,
वेणीत च्युइंगम.
बाबा, मारू का मी तिला?

पितळेचा भुसा झाडत राहिलो.
हो म्हणायला तोंड उघडलं तर समोर ओन्नीची टोपी.
नाही म्हणायला गेलो
तर जिभेवर बर्फ.

मग तिला ते टोपीचं सांगितलं.
आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं,
तिच्या आईलाही नाही.
ती कात्रीने वेणीतला च्युइंगम कापत होती,
कापता कापता थांबली.
"मग ओन्नीने तुला मारायला हवं होतं?"

मशीन बंद होतं. लपायला आवाजही नव्हता.
हो, असंच वाटलं मला.
आणि लगेच वाटलं, नको, एवढासा होता तो,
कुणीतरी मोठ्याने येऊन
माझा हात धरायला हवा होता.

उद्या नऊ वाजता शाळेत बोलावलंय.
मुख्याध्यापिकेच्या खोलीत, मला आठवतं,
खुर्च्या मधोमध असतात,
पाठीमागे दार.
हिल्लाने विचारलं, तू येशील ना?
पट्टा शिवत होतो. दोरा दातांनी तोडला
आणि म्हटलं, तुझ्या बाजूला बसेन.
खालच्या खणात ती टोपी अजून आहे,
निळी, आता माझ्या मुठीलाही लहान.